पहिली तार

निपाणीत उन्हाळ्यात वाऱ्यालाही शिंक येते.
वखारीच्या दारात पोती झटकली जात,
आणि तंगेव्वा, सात वर्षांची,
आईशेजारी तंबाखूच्या काड्या निवडत
दोन शिंकांच्या मधल्या जागेत गायची.
एवढं तिनंच सांगितलं मला,
संकेश्वरच्या स्टँडवर, शेवटची गाडी चुकल्यावर.
बाकीचं मी तिच्या मागं बसून ऐकलं.
एकवीस वर्षं.

नबीसाहेब गुरुवारी मिरजेहून येत,
सायकलच्या दुकानावरच्या माडीत बसत.
वर्षभर नुसता खर्ज.
ती खोकायची, ते थांबायचे,
पानाला चुना लावायचे.
एक दिवस म्हणाले, "पोरी, ही धूळ जायची नाही.
आता तिलाही सुरात घे."

घरात हाक कानडी, भांडण मराठी,
बंदिश ब्रजातली.
धारवाडच्या रेडिओनं नाव विचारलं
तेव्हा अर्जावर ती तारामती निपाणीकर झाली.
त्या रात्री आईनं अख्खी गल्ली जमवली खोक्याभोवती.
नाव पुकारलं. आई म्हणाली,
"ही न्हवं. आमची पुढं असंल."
मग आलाप सुरू झाला
आणि तिनं हातातलं विडीचं पान
सुपात परत ठेवलं.

मोठी झाली नाही ती.
गोकाकच्या गिरणीतला गणपती,
अथणीत एका वकिलाच्या नातवाचं बारसं,
पुण्यात एकदाच, दुपारी, लोक जेवून आलेले.
तिथं एकानं म्हटलं, उच्चार जरा कानडी आहेत.
धारवाडात एकानं म्हटलं, ठेवण फार मराठी.
परतीच्या गाडीत शेंगा सोलत ती म्हणाली,
"दोघंबी ऐकत होते की मग."

बेळगावात बंद होता त्या दिवशी
सभागृहात पाचजण. त्यातला एक हवालदार,
बंदोबस्ताला आलेला, टोपी मांडीवर.
मी सवयीनं पहिली तार पंचमावर आणली.
"पंचम नको रे. निषाद."
खुंटी पिळताना वाटलं, तुटणार.
बाहेर कुणी पाट्यांना डांबर फासत होतं,
आधी एका लिपीच्या, मग दुसऱ्या.
वास आत येत होता.
आणि ती मारव्यात, कोमल रिषभावर उभी,
षड्जाच्या दारापर्यंत जायची,
कडी वाजवायची नाही,
वळायची.
पाऊण तास तिनं षड्ज दिला नाही.
दिला तेव्हा हवालदारानं मान खाली घातली,
जसं कुणी त्याला
घरच्या नावानं हाक मारली.

पुढं वरचा सा गेला. मग कार्यक्रम गेले.
तीन मुली शिकायला यायच्या,
त्यातली एक फी म्हणून दूध घालायची.
मानधनाचा अर्ज मी भरला, दोन्हीकडं.
मुंबईहून उत्तर आलं: अर्जदार राज्याबाहेरील.
बंगळूरहून: दाखल्यावरील नाव जुळत नाही.
तिसऱ्यांदा भरायला बसलो.
मातृभाषा, मी विचारलं.
तिनं बराच वेळ खिडकीकडं बघितलं.
"आईची विचारतायत का माझी?"
मी पेन धरून थांबलो.
"मोकळं सोड ते.
एक जागा मोकळी लागतीच."

तो अर्जही परत आला.
तोवर ती नव्हती.

तंबोरा आता माझ्याकडं, चिकोडीत.
कपाटावर मावत नाही म्हणून पलंगाशेजारी,
नातवंडांच्या पायात येतो.
भोपळ्याला बारीक चीर आहे.
तीन तारा मी जुळवतो, पहिली तशीच,
पंचम नाही, निषाद नाही,
कुठंतरी मध्ये.

दसऱ्याला गवसणी काढून अंगणात झटकली
की मला अजून शिंक येते.
बायको म्हणते, किती ही धूळ.
हो, म्हणतो मी,
आणि परत घालतो.